निकमांचा रकाना

माझे बहुतेक मूर्खपणे मी नातवंडांना रंगवून सांगते. लूना शिकताना मी सरळ भाजीवाल्याच्या टोमॅटोत गेले, तो किस्सा तर त्यांना पाठ आहे. एक मात्र सांगत नाही, कारण त्यात हसण्यासारखं फार थोडं आहे. तसा तो एका वाक्याचा आहे. एका कागदावर पाच रकाने बसत नव्हते, म्हणून मी चारच छापले. छोट्या प्रिंटरवर एका ओळीत ऐंशी अक्षरं मावायची आणि पाचवा रकाना एक्क्याऐंशीव्या अक्षरापासून सुरू होत होता. शेजारीच मोठा प्रिंटर होता, एकशे बत्तीस अक्षरांचा. पण त्याचा कागद संचालकांच्या फायलीत लावायचा तर घडी घालावी लागली असती, आणि मला माझ्या अहवालाला घडी नको होती.

तो पाचवा रकाना हवालदार निकमांचा होता.

बाबूराव निकम. गाव सातारा जिल्ह्यातलं, कोरेगावच्या बाजूचं. पलटणीत सिग्नलच्या कामाला सतरा वर्षं काढलेली. सासरवाडी आमच्या सांगलीकडची, त्यामुळे निवृत्त झाल्यावर बायकोच्या माहेराजवळ म्हणून ते आमच्या साखर कारखान्यात लागले, यंत्रं दुरुस्त करायला. कारखान्याचं नाव सांगत नाही. कृष्णाकाठी कारखाने काही थोडे नाहीत. नव्वदीची सुरुवातीची वर्षं ती. मी तिथल्या संगणक विभागाची प्रमुख होते. विभाग म्हणजे एक खोली, तीन यंत्रं, दोन ऑपरेटर आणि चेअरमनसाहेबांच्या केबिनखेरीज कारखान्यातला एकमेव एसी. दारावर मी स्वतः पाटी लावली होती, ‘चपला बाहेर काढाव्यात’. शेतकरी चपला काढून दाराशी उभे राहत आणि काचेतून आत बघत, देवळात बघावं तसं. मला ते आवडायचं. पुण्याहून पदविका आणलेली, सदतीस वर्षांची, पदराला पिन आणि गळ्यात ओळखपत्र. ते विचारणारं कुणी नव्हतं तरी घालून बसायची मी.

निकम पहिल्या दिवशी बूट काढून, टाचा जुळवून, बुटांची तोंडं बाहेर करून आत आले. गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं स्टॉपवॉच. मी यंत्र सुरू केलं तसं त्यांनी घड्याळाचं बटण दाबलं आणि पडद्यावर अक्षरं उमटल्यावर पुन्हा दाबलं.

“एक मिनिट बावीस सेकंद, म्याडम. काल दारातनं बगितलं तवा एक मिनिट धा हुतं. बारा सेकंद कुटं गेली?”

“गेली असतील कुठंतरी,” मी म्हटलं.

“आपोआप काय जात न्हाई. कोनतरी नेतंय.”

यंत्र उघडून पाहिलं तर डिस्कची एक वायर सैल होती. यंत्र पुन्हा पुन्हा विचारत होतं आणि डिस्क उत्तर द्यायला उशीर करत होती. त्या दिवसापासून मी त्यांना थोडी भ्यायला लागले आणि म्हणून त्यांच्याशी जरा जास्तच ठसक्यात वागायला लागले.

ते सगळ्याचीच वेळ लावायचे. कॅन्टीनच्या चहाची, सांगलीहून येणाऱ्या एसटीची, भोंग्याची. वार्षिक सभेहून परतताना मी विचारलं, “कसं झालं चेअरमनसाहेबांचं भाषण?” तर शांतपणे म्हणाले, “येकूनपन्नास मिन्टं. त्यात उसाबद्दल तीन.” दुसरी सवय कार्बनची. काहीही लिहायचं तर खाली कार्बन घालून दोन प्रती. “येक सायबाला, येक आपल्याला. पलटनीत शिकलो, म्याडम. सायब बदलत्यात, कागद बदलत न्हाई.”

आता यंत्रावर एवढी काय घाई होती, ते सांगायला हवं. आमच्याकडे उसाला तोड कधी मिळणार हे लागणीच्या तारखेवरून ठरतं. आधी लावला त्याचा आधी तुटला पाहिजे. उभा ऊस वाळायला लागला की वजन उतरतं, म्हणून पाळीवरून भाऊ भावाशी बोलायचे बंद होतात. हजारो शेतकऱ्यांच्या नोंदी, प्रत्येकाचं गाव, उसाची जात, लागणीची तारीख. ही सगळी रांग संगणक लावायचा. पूर्वी शेतकी खात्यातली माणसं पंधरा दिवस मोठमोठ्या तावांवर वाकून हे करत. तेव्हा पाळी फिरली की शेतकरी कारकुनाला शिव्या द्यायचे. संगणक आल्यावर मी व्यासपीठावरून सांगितलं होतं, “यंत्राला पाहुणा नसतो, सोयरा नसतो.” वाक्य छान होतं. टाळ्याही पडल्या होत्या.

पण यादी लावायला यंत्र सकाळी बसवलं तर संध्याकाळपर्यंत घुरघुरत बसायचं. तेवढ्यात बाजारात एक नवं कार्ड आलं. हार्ड डिस्क म्हणजे माहिती ठेवायची पेटी आणि कंट्रोलर कार्ड म्हणजे त्या पेटीत माल ठेवणारा-काढणारा. निकम त्यांना बैल आणि हाकणारा म्हणायचे. या नव्या हाकणाऱ्याला स्वतःची मेमरी होती. यंत्रानं दिलेलं तो आधी स्वतःच्या ओंजळीत घ्यायचा, “झालं” म्हणायचा आणि मग सवडीनं डिस्कवर ठेवायचा. मी हट्टानं ते कार्ड मागवलं, सोबत एक नवी डिस्क, आणि संचालकांना शब्द दिला की यादी तीन तासांत काढून दाखवते. त्यांनी म्हटलं, जुनं-नवं तुलना करून अहवाल द्या.

मी लगेच नवं कार्ड आणि नवी डिस्क एकदम बसवायला निघाले. निकमांनी हात आडवा धरला.

“एका टायमाला येकच बदल, म्याडम. जोडा बी बदलला आन् वाट बी बदलली, तर पाय कशानं दुकतोय ते कळायचं कसं?”

म्हणून चार फेऱ्या झाल्या. जुन्या कार्डावर जुनी डिस्क, यादीला सात तास दहा मिनिटं. जुन्या कार्डावर नवी डिस्क, सहा तास. म्हणजे बैल बदलून फारसं काही साधलं नाही. मग नव्या कार्डावर तीच जुनी डिस्क घातली आणि यादी दोन तास चाळीस मिनिटांत बाहेर. नवं कार्ड, नवी डिस्क, दोन तास वीस. वेग मोजायच्या प्रोग्रॅमनं तर पडद्यावर असा उभा पट्टा काढला की मी ऑपरेटरांना बोलावून दाखवला.

निकम पडद्याकडे बघतच नव्हते. ते यंत्राच्या पुढच्या लाल दिव्याकडे बघत होते. डिस्क काम करत असली की तो दिवा लुकलुकतो.

“म्याडम, तुमचं काम झालं म्हनतंय न्हवं?”

“झालंच की.”

“मग दिवा कशापायी जळतोय? तुमचं झालंय. त्याचं न्हाई.”

आणि मला कळायच्या आत त्यांनी भिंतीतली पिन उपटली. मी किंचाळले असेन बहुधा. ते म्हणाले, “पळतंय, त्ये बगितलं. लय पळतंय, न्हाई म्हनत न्हाई. आता मारून बगू.”

त्यांनी दोन दिवस हेच केलं. यादी लावायची, मध्येच वीज काढायची, पुन्हा सुरू करून नोंदी तपासायच्या. दहा वेळा जुन्या कार्डावर, दहा वेळा नव्या. जुन्या कार्डावर फार तर चालू असलेली नोंद जायची, बाकी दहाही वेळा माल जागेवर. नव्या कार्डावर दहांतून चार वेळा गडबड. काही नोंदी गायब, आणि वाईट म्हणजे काही तारखा एकाच्या दुसऱ्याच्या नावासमोर. यंत्र मात्र कुरकुर न करता सुरू व्हायचं.

“सिग्नल सोडला म्हंजे पोचला न्हवं,” ते म्हणाले. “समोरनं ‘मिळाला’ असं आलं म्हंजे पोचला. ह्ये कारड मदल्यामदी ‘मिळाला’ म्हनतंय. तिकडं चौकीवर कायबी पोचल्यालं न्हाई. पलटनीत असल्यानं मानसं मरत्यात.”

त्यावर उपाय होता. कार्डावर एक बोटाच्या पेराएवढीही नाही अशी जंपरची टोपी होती. ती बसवली की कार्ड ओंजळीत काही ठेवत नसे, लगेच डिस्कवर उतरवत असे. निकमांनी ती बसवून पुन्हा दहा वेळा वीज काढली. दहाही वेळा नोंदी शाबूत. फक्त यादीला साडेपाच तास लागले.

साडेपाच. आणि मी शब्द दिला होता तीनचा.

निकमांनी सगळे आकडे कार्बन घालून तक्त्यात मांडून दिले. पट्टीनं आखलेले पाच रकाने. शेवटच्या रकान्यावर पेन्सिलीनं ‘वीज गेल्यावर’. मी तो तक्ता इंग्रजीत टाइप करायला घेतला आणि ऐंशी अक्षरं संपली.

“निकम, तुमचा रकाना पानात बसत नाही.”

“मग पान बदला, म्याडम.”

“घडी पडते.”

त्यांनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. “पानात बसत न्हाई म्हनून लाईट जायची ऱ्हातीया व्हय?”

मी म्हटलं, आपल्याकडे बॅटरी आहे ना. बॅटरी होती. मेलेली. बॅटरीवाला ‘येतो’ म्हणून गेला होता तो दिवाळीपासून येतच होता. हे मला ठाऊक होतं, निकमांनाही ठाऊक होतं. ते उठले, बूट घातले, गेले. त्यांचा पेन्सिलीचा कागद मी टेबलाच्या खणात टाकला. फाडला नाही. मूर्ख माणूससुद्धा पूर्ण मूर्ख नसतो, हीच त्याची अडचण.

संचालकांसमोर मी यादी चहाला सुरू केली आणि जेवणाच्या सुट्टीला काढून दाखवली. टाळ्या पडल्या. एक संचालक म्हणाले, बाईमाणसानं करून दाखवलं. मी मान खाली घालून लाजले. सदतीस वर्षांच्या बाईनं लाजायचं तसं नाही, दहावीला पहिली आलेल्या मुलीसारखं.

त्या वर्षी पावसाळ्यात नव्या लागणीच्या नोंदी जुन्या नोंदींच्याच यादीत भरायचं काम चाललं होतं. हंगामात कारखाना स्वतःची वीज करतो. हंगाम नसला की आम्ही गावासारखेच बाहेरच्या विजेवर. दिवसातून दोन-तीनदा दिवे डोळा मिचकावल्यासारखे जायचे. यंत्र पुन्हा सुरू व्हायचं, सगळं ठीक दिसायचं. निकम दर शनिवारी नोंदी फ्लॉप्यांवर उतरवून ठेवत. पण बिघडलेलीच यादी फ्लॉपीवर गेली, एकीवर एक, आणि चांगली प्रत पुसली गेली. या काळात निकम मला तीनदा म्हणाले, “म्याडम, टोपी लावू?” तीनदा मी म्हटलं, “हंगाम सुरू होऊ दे.”

हंगाम सुरू झाला. पहिल्याच आठवड्यात एका गावात आदल्या वर्षी जुलैत लावलेला ऊस उभा राहिला आणि सप्टेंबरात लावलेल्याला तोड आली. ज्याला तोड आली तो महादेव, निकमांच्या बायकोचा सख्खा भाऊ.

तारखा आणखी तीन गावांत हलल्या होत्या, ते नंतर कळलं. पण पहिलं गाव निघालं ते निकमांची सासरवाडी. सकाळी दहा वाजता वीस-पंचवीस माणसं कारखान्यात आली आणि सरळ माझ्या खोलीत शिरली. चपलांसकट. तोवर त्या फरशीवर चप्पल उमटली नव्हती. कुणाला ‘बाहेर काढा’ म्हणायला माझी जीभ रेटेना.

“आवं बाई, यंत्राला पावना नसतोय म्हनला हुतासा न्हवं?” एक म्हातारा म्हणाला. “ह्ये बगा, पावना कोपऱ्यात हुबा हाय तुमचा.”

कोपऱ्यात निकम उभे होते, गळ्यात घड्याळ. सगळे त्यांच्याकडे बघत होते. गर्दीत महादेवही होता. तो मोठ्यानं म्हणाला, “मला न्हाई पायजे असली पाळी. आन् दाजी, आजपासनं माज्या दारात यायचं न्हाई. तायडीनं बी.” त्याचंही चुकलं असं म्हणवत नाही. त्याला त्या गावात राहायचं होतं.

गावोगावच्या गट ऑफिसांतल्या लागणीच्या मूळ चिठ्ठ्या काढून आम्ही तीन आठवड्यांत तारखा दुरुस्त केल्या. तारखा चुकल्या, एवढं चिठ्ठ्यांवरून कळलं. कुणी चुकवल्या, ते चिठ्ठ्या सांगत नव्हत्या. म्हणून चौकशी बसली. लांब टेबल, तीन संचालक, पाण्याचे झाकण ठेवलेले पेले. निकम सावधानमध्ये उभे. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“म्या तारखेला हात लावल्याला न्हाई,” ते म्हणाले. “वीज गेली की ह्या कारडावर असं हुतंय. ह्ये आदीच तपासल्यालं हाय. धा-धा वेळा. त्याचा कागद म्याडमना दिल्याला हाय.”

मधले संचालक माझ्याकडे वळले. “मॅडम, तुमच्या अहवालात असं काही आहे का?”

अहवाल माझ्यासमोरच होता. चार रकाने, स्वच्छ, घडी नसलेला.

मी म्हटलं, “अहवालात नाही.”

खोटं नव्हतं ते. आजही शपथेवर सांगेन, अक्षर न् अक्षर खरं होतं. त्याच्याइतकी घाण गोष्ट मी दुसरी बोललेली नाही. निकमांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला, खिशावर थोडा वेळ राहिला आणि खाली आला. मला वाटलं, तंबाखूची पुडी असेल. ते माझ्याकडे बघत होते, रागानं नाही, वाट बघणारं माणूस बघतं तसं. मी पेल्यावरचं झाकण नीट केलं.

आठ दिवसांत त्यांना कामावरून कमी केलं. कॉलनीतली खोली सोडून ती दोघं साताऱ्याला गेली. जाताना ते मला भेटले नाहीत. माझ्या टेबलाचा मात्र एक स्क्रू सैल होता, तो आवळून गेले होते. ऑपरेटरनं सांगितलं.

त्याच संध्याकाळी मी स्वतः यंत्र उघडून कार्डावर ती टोपी बसवली. पुढच्या हंगामात यादीला साडेपाच तास लागले. पुढची सगळी वर्षं साडेपाचच लागले. कुणी, एका संचालकानं, एका शेतकऱ्यानं, एका शब्दानं विचारलं नाही की मॅडम, तीनचे साडेपाच कसे झाले. कुणाला ती घाई नव्हतीच. ती फक्त मला होती.

मी निकमांना पत्र लिहायला बसले ते किती वेळा, मोजलं नाही. प्रत्येक वेळी मायना ‘प्रिय’ करावा की ‘आदरणीय’, इथंच अडायचं. एवढी हुशार बाई, मायन्यात सहा वर्षं अडकली. शेवटी शतक संपायच्या बेतात असताना साताऱ्याकडच्या एका ट्रकवाल्यानं गेटवर सांगितलं, तुमचे निकम हवालदार गेले, छातीत कळ येऊन. मी रजा टाकली, खणातला पेन्सिलीचा कागद पर्समध्ये घातला आणि सांगलीहून साताऱ्याची एसटी धरली. एसटीत तो कागद दहादा काढून पाहिला. एवढ्या वर्षांनी त्याला घडी पडलीच होती.

किल्ल्याच्या पायथ्याला दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत दुरुस्तीला आलेले रेडिओ आणि मिक्सर, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली, अक्षर निकमांचं. भिंतीवर त्यांचा पलटणीच्या पोशाखातला फोटो, शेजारी खिळ्याला बुटाच्या नाडीनं टांगलेलं ते स्टॉपवॉच. खोलीत इतकी शांतता होती की ते चालू असल्याचं ऐकू येत होतं. निकमांच्या बायकोनं, सुभद्रावहिनींनी, मला ओळखलं. पाट दिला, पाणी दिलं.

मी कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. ऐंशी अक्षरं, घडी, मेलेली बॅटरी, ‘अहवालात नाही’. महादेवला पत्र लिहीन म्हटलं, कारखान्यालाही लिहून देईन म्हटलं. सहा वर्षं जे जमलं नव्हतं त्याला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. वहिनींनी कागद हातात घेतला नाही. त्या भिंतीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या:

“असला कागद त्यांच्या बी खिशात हुता की त्या दिशी. दुसरी परत. काडलाच न्हाई त्यांनी. घरी आल्यावर म्या लय भांडले, तर म्हनले, बाईमानसाला चारचौगांत खोटं कशाला पाडायचं, म्याडम शिकल्याल्या हाईत, सवताच सांगत्याल, जरा येळ लागंल. म्या इचारलं, किती येळ? तर ते घड्याळ दाबलं आन् खिळ्याला अडकवलं. किल्ली रोज तेच द्यायचे. ते गेल्यावर म्या देते. आता करू बंद?”